किरणचा वाटा

अक्षय ठोंबऱ्याला वाडीत कुणी सर म्हणत नाही. खालापूरला ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो टायपिंग आणि टॅली शिकवतो, तिथली पोरं म्हणतात. कळंबच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीत तो नुसता अक्षा. कुणाचा मोबाईल पाण्यात पडला, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की हाक अक्षाला. त्याला जमलं नाही की शेजारचा लडकू पडवीतून म्हणायचा, "येवढा कॉम्प्युटर शिकलास ना रं, मग ह्ये येत नाय व्हय?" अक्षय खाली बघायचा.

खाली बघायची सवय त्याला आधीपासूनच लागली होती. कर्जतला कॉलेज संपवून तो एका कंपनीत मुलाखतीला गेला, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "प्रोग्राम सुरू केला की मशीनच्या आत काय होतं?" हा म्हणाला, "विंडो उघडते." तिघंही हसले. हसू आवरून बाईंनी त्याला पाणी दिलं, त्याचंच त्याला जास्त लागलं. नोकरी नाही मिळाली ते एक वेळ ठीक. पण इतकी वर्षं जी वस्तू आपण बडवतोय तिच्या आत काय चाललंय याचा आपल्याला पत्ता नाही, ही लाज त्याच्या अंगात मुरली.

म्हणून ते पुस्तक त्यानं सोडलं नाही. कळंबच्या एका रिसॉर्टवर वायफाय बघायला गेला होता, तर फ्रिजच्या एका पायाखाली हे उशीएवढं इंग्रजी पुस्तक. कुणी पाहुणा विसरून गेलेला. अक्षयनं वाकून नाव वाचलं. सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो आतला गाभा, कर्नल, त्याच्यावरचं पुस्तक होतं ते. फ्रिजखाली त्यानं फरशीचा तुकडा सारला आणि पुस्तक काखेत मारलं.

पुढं दोन पावसाळे ते पुस्तक त्याच्या पिशवीत. एसटीत वाचायचा, खळ्यावर वाचायचा. डोळे ओळीवरून जायचे, डोक्यात काही उतरायचं नाही. एक दिवस भात कांडायला गिरणीत बसलेला असताना त्याला उजेड पडला. गिरण एक, पोती वाडीभरची. गिरणवाला कुणाचंच सगळं एका दमात कांडत नाही. याचं थोडं, त्याचं थोडं, मध्येच लग्नघरचं पोतं आलं की ते पुढं. अरे, हेच तर त्या जाड प्रकरणात लिहिलंय! त्यानं समासात पेन्सिलीनं लिहिलं, गिरण. मग त्याला नादच लागला. जे कळत नाही तिथं वाडीतलं माणूस आणून बसवायचं. चालू प्रोग्रामला म्हणतात प्रोसेस, आणि प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या कुठल्या तरी प्रोसेसच्या पोटची. फक्त पहिलीला आईबाप नाहीत, ती सगळ्यांच्या मुळाशी. तिथं त्यानं लिहिलं, आबाजी. आबाजी म्हणजे वाडीच्या गावकीचे म्हातारे पुढारी.

आणि एका पानावर त्यानं लिहिलं, किरण.

त्याचं असं. मळणी उरकली की वाडीत गावदेवीला बकरं पडतं. मटणाचे वाटे पळसाच्या पानांवर मांडतात, कर्त्या गड्यागणिक एक. यादीबिदी नाही, आबाजी आपल्या तोंडानं एकेक नाव पुकारतात, घरचं माणूस "हाय" म्हणतं आणि वाटा उचलतं. दुसऱ्याचा वाटा कुणी उचलायचा नाही. घरातला गडी मेला तर घरच्या वडीलधाऱ्यानं गावकीसमोर उभं राहून म्हणायचं, "आमचा मानूस गेला, नाव सोडा." तोवर नाव पुकारलं जाणार, वाटा पडणार. बहुतेक घरं त्याच वर्षी सोडून टाकतात.

सुंदराकाकीनं सोडलं नव्हतं. तिचा एकुलता किरण, अक्षयच्या बाकावरचा, टेंपो चालवायचा. घाटात टेंपो उलटला त्यात गेला. नवरा त्याच्याही आधी गेलेला. तेव्हापासून दरसाल आबाजी पुकारतात, "किरण दामू," आणि गर्दीच्या मागून सुंदराकाकी म्हणते, "हाय." कुणी काही बोलत नाही. ती स्वतः मटण खात नाही. रांधते आणि किरणच्या दोस्तांना जेवायला बोलावते. अक्षय दर वर्षी जेवलेला.

पुस्तकात लिहिलं होतं: पोटची प्रोसेस मरते, पण तिची आई जोवर येऊन विचारत नाही, की बाई गं तुझं काय झालं, तोवर तिचं नाव यादीत तसंच राहतं. काम करत नाही, खात-पीत नाही, नुसतं नाव. तिला झॉम्बी म्हणतात, म्हणजे मेलेलं पण न गेलेलं. आणि पुढं असंही, की विचारायच्या आधी आईच संपली, तर पहिली प्रोसेस त्या पोराला पदरात घेते आणि मग नाव पुसते. दुसऱ्यांदा न वाचता कळलेलं हे त्याचं पहिलं पान. इथंही पहिल्या प्रोसेसशेजारी त्यानं आबाजी लिहिलं आणि पुस्तक मिटलं.

तिथंच राहिलं असतं तर बरं होतं.

क्लासचे मालक ऋषिकेश सर एकदा म्हणाले, "तुमचं ते कर्नल जरा आमच्या पोरांना सांगा की. इंजिनिअरिंगवाले पण बोलावतो." अक्षय उभा राहिला. पोरं जांभया द्यायला लागली. गिरण सांगितली तेव्हा चार डोकी वर आली. मग त्यानं किरण सांगितला. "आमच्या वाडीत एक काकी हाय," अशी सुरुवात केली तीच वाडीच्या बोलीत, आणि वर्ग हसला. त्याच्यावर नव्हे, त्याच्याबरोबर हसला. असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. मग तो ताणत गेला. काकी मागून "हाय" कशी म्हणते त्याची नक्कल केली. म्हणाला, "झॉम्बीला मारता पण येत नाय. मेलेल्याला काय मारनार? आपला वाटा खातोय आरामात." टाळ्याच पडल्या. पुढचं, आई गेल्यावर काय होतं ते, सांगायचं त्या टाळ्यांत राहूनच गेलं.

ऋषिकेश सरांनी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. क्लासची जाहिरात म्हणून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते वाडीच्या ग्रुपवर.

"अक्षा," लडकू पडवीतून म्हणाला, "किरण झॉम्बी झाला म्हनं? आमाला पन सांग की, आमी पन टाळ्या वाजवू."

अक्षय घरात शिरला. आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"सुंदरानं बगितला तुजा व्हिडिओ," ती म्हणाली.

"काय म्हनली?"

"काय नाय. शेजारच्या पोरींनी दावला, त्यांचा मोबाईल त्यांना परत दिला. म्हनली, आवाज चांगला लागलाय अक्षाचा."

ती शिव्या देती तर त्याला जेवण गेलं असतं.

त्यानं सरांना ते काढायला लावलं. "अहो, येवढं कुणी कधी बघितलं नव्हतं आपलं काही," म्हणत त्यांनी काढलं. पण फोनाफोनात गेलेलं थोडंच परत येतं. अक्षय सुंदराकाकीच्या दारावरून जाईनासा झाला. एसटी पकडायला बांधाबांधानं पुढच्या थांब्यावर जायचा, चिखलात पँट भरायची. पुस्तक त्यानं कपाटावर टाकलं. ते पान त्याला उघडवेना. कळलं म्हणून नाचलो, आणि कळलं होतं कुणाच्या जिवावर?

मळणी झाली. गावदेवीपुढं पळसाची पानं मांडली. अक्षय सगळ्यांत मागं, जिथं दर वर्षी काकी उभी राहते त्याच्या जवळपास. ती जागा रिकामी होती.

आबाजी पुकारत आले. "किरण दामू."

कुणी बोललं नाही.

"किरण दामू," पुन्हा. कुठूनतरी बारीक खिक झालं, आणि कुणीतरी त्याला दाबलं. आबाजींनी पुढचं नाव घेतलं. वाटे उचलत गेले. शेवटी एकच पान राहिलं, त्यावर माशा बसायला लागल्या.

"आबा, समद्यांत वाटून टाका तो वाटा," लडकू म्हणाला. "नाव सोडलं समजायचं."

"कोन बोल्लं सोडलं?"

"ती आलीच नाय ना."

"आली नाय म्हंजे आली नाय," आबाजी म्हणाले. "सोडलं म्हंजे तोंडानं सोडावं लागतं." मग त्यांनी मान वळवली. "अक्षा, तू घिऊन जा सुंदराकडं."

"आबा, दुसऱ्याचा वाटा कसा उचलू?"

"ते मला म्हाईत हाय. उचल."

सगळी वाडी बघत होती. अक्षय पुढं गेला, वाकला, पान उचललं. हाताला गार, ओलं लागलं. वाट सोडून लोक बाजूला झाले, तेवढ्या रिकाम्या जागेतून चालायला त्याला सबंध गाव ओलांडल्यासारखं वाटलं.

सुंदराकाकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"ठेव तितं," ती म्हणाली.

त्यानं ठेवलं. उभा राहिला. "काकी, चुकलं माजं."

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "लई हसली न्हवं पोरं."

"हां."

"माजी नक्कल पन बरी केलीस." ती सूप हलवत राहिली. "आज येनार हुते रं. लुगडं पन नेसले. मग म्हनलं, मी हाय म्हनले की समदी हसतील. तर नाय आले."

अक्षय वाट्यावरच्या माशा हाकलत राहिला. वर्गात इतका सुटला होता तो.

"एक सांग मला," ती म्हणाली, आणि आता तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच त्याला सोसेना. "तुज्या पुस्तकात काय लिवलंय? आयनं शेवटपातुर इचारलंच नाय, तर त्या पोराच्या नावाचं काय करत्यात?"

अक्षयला ते पान तोंडपाठ होतं, 'नाव पुसते' इथपर्यंत. शेजारी आपल्या हातानं पेन्सिलीत लिहिलेलं आबाजींचं नावही त्याला दिसत होतं.

"तितवर नाय वाचलं अजून, काकी," तो म्हणाला.

 तिनं सूप बाजूला ठेवून पान उचललं आणि आत गेली. "वाचलंस की सांग," आतून म्हणाली. "आनि जेवल्याबिगर जाव नको."

आत पाट्यावर वाटण सुरू झालं. अक्षय ओट्याखालीच उभा राहिला. दर वर्षी तो हाक यायच्या आधीच आत शिरलेला असायचा. आज चपला काढायचा त्याला धीर होईना.