कांद्याची साल आणि भुशातलं खाद्य

डॉ. सुमनताई खैरनार यांच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मॅडम जमिनीवर बसून तांबड्या कांद्याच्या वाळक्या साली निवडत होत्या. सटाण्याहून त्यांच्या भावांनी पोती पाठवली होती. कडक इस्त्री करून मुलाखतीला आलेल्या मला त्या म्हणाल्या, "बसा. बुरशी लागलेली बाजूला काढा." तासाभराने कळलं की मुलाखत झाली.

वनस्पतींमधली फिनॉलिक संयुगं लठ्ठपणा रोखू शकतील का, हा मॅडमचा आयुष्यभराचा प्रश्न. कांद्याच्या सालीत ती भरपूर असतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही उंदरांचे दोन गट केले. दोघांनाही चरबीयुक्त खाद्य दिलं, पण एका गटाच्या खाद्यात सालीचा अर्क मिसळला. काही आठवड्यांत अर्कवाले उंदीर सडपातळ राहिले, बाकीचे गुबगुबीत झाले. मी तर हवेतच होतो. एक उद्योजक या अर्काच्या गोळ्या काढायला निघाले होते. अहवालावर मॅडमची सही झाली की माझी पीएच.डी. मार्गी लागणार होती. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि येवल्याच्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं.

सहीच्या सकाळी ते गृहस्थ पेढे घेऊन मॅडमच्या खोलीत बसले होते. मॅडम मात्र एकदा पाहून घेऊ म्हणून उंदरांच्या खोलीत आल्या. पिंजरे साफ करणारे रामदासमामा तिथे घुटमळत होते.

"मामा, काही सांगायचंय?"

मामांनी मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा "तुम्ही झाडून घ्या" म्हणून मी त्यांना गप्प केलं होतं.

"मॅडम, ह्या रांगेतले उंदीर खात नाय हो. उकरून पिंजऱ्यात खाली अंथरलेल्या भुशात टाकत्यात. मी रोज झाडतो ना, लय निघतं."

मी रोज वाटीत उरलेलं खाद्य तेवढं तोलत होतो. वाटीतलं कमी झालं म्हणजे पोटात गेलं, असं धरून चाललो होतो. मॅडमनी चिमूटभर खाद्य स्वतःच्या जिभेवर ठेवलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"कडू आहे. मीही टाकलं असतं," त्या म्हणाल्या.

म्हणजे उंदीर अर्काने नव्हे, उपासमारीने बारीक राहिले असण्याची शक्यता होती. मॅडम तडक आपल्या खोलीत गेल्या, मागोमाग मी.

"आज सही होणार नाही."

"मॅडम, दुसरं कोणीही सही करून देईल!" उद्योजक म्हणाले.

"देईल. मी देणार नाही."

ते गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स उचलून निघून गेले. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. मॅडमनी एवढंच विचारलं, "मामांची माफी मागितलीत?"

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केला. या वेळी तिसरा गट ठेवला. अर्कवाले जेवढं खरोखर खात, तेवढंच बिनअर्काचं चरबीयुक्त खाद्य त्याला दिलं. वजनातला पहिला फरक बराचसा विरला, थोडाच उरला. माझा प्रबंध त्या थोड्यावर उभा आहे, आणि मॅडमच्या आग्रहाने त्याचं पहिलं प्रकरण आमच्या चुकीवर आहे.

या सगळ्यात वर्ष गेलं. सासरची माणसं सोयरीक मोडायच्या बेतात होती. एका रविवारी मॅडम मला न सांगता एस.टी.ने येवल्याला गेल्या आणि त्यांना म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे होतोय. मुलाचा दोष नाही." हे मला लग्नानंतर बायकोकडून कळलं. आयुष्यात त्यांनी चुकीचा अहवाल दिला असेल, तर तो एवढाच.

मॅडम आता साठी पूर्ण करत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं अशी आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून इच्छा आहे. त्यांच्या गौरव अंकासाठी हा लेख पाठवण्याआधी मी निवृत्त झालेल्या मामांना वाचून दाखवला आणि काही राहिलंय का ते विचारलं. मामा म्हणाले, "येवल्याचं लिवलं ते बरं केलं. त्या दिवशी मॅडमसंगं मीच गेलो होतो. चूक माझी हाय म्हनून सांगायला."