करवतीच्या वरची खोली

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि एक्केचाळीस वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. काम चित्रं काढण्याचं. पण भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत हाडं, शिरा, स्नायू दाखवलेले असतात ना, ती. एक गुडघा नीट काढायला तिला चार दिवस लागत. नोकरी अशी तिनं कधी केलीच नाही. या प्रकाशकाचं एक पुस्तक, त्या प्रकाशकाचं दुसरं, असं सुटं सुटं काम घेत ती पंधरा वर्षं दादा-वहिनीच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून जगभरच्या गुडघ्यांची सोय लावत होती.

हा नाद अण्णांमुळे लागला. अण्णा म्हणजे तिचे वडील. ते छापखान्यात मशीनवर होते. छपाईत वाया गेलेले कागद ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर धाकटी चित्रं काढत बसे. छत्तीस वर्षं मशीनशेजारी उभं राहून अण्णांनी दोन गोष्टी कमावल्या: चित्रातला रंग केसभर सरकला तरी ओळखणारी नजर, आणि बहिरेपण. ठार बहिरे नव्हेत. मोठ्यानं, सावकाश बोललं की ऐकू यायचं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण चार दिवसांत "यातून सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात" म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. मग घरानंच ओरडून बोलायची सवय लावून घेतली. नव्या माणसाला वाटायचं, या घरात सदानकदा भांडणं चालू असतात.

तिला सगळ्यात जास्त काम देणारा प्रकाशक परदेशातला. तिथल्या चित्रविभागाच्या बाईंनी एकदा लिहिलं, "तुम्ही इकडेच का येत नाही? स्वतंत्र काम करणाऱ्यांना इथे वर्षभराचा परवाना मिळतो." धाकटीनं ते तीनदा वाचलं. पंधरा वर्षं खिडकीतून समोरची एकच भिंत बघून झाली होती. जावंसं वाटत होतं, आणि जावंसं वाटतंय याचीच लाज वाटत होती. शेवटी धीर करून तिनं अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

अण्णा म्हणाले, "जा की. लोकांचे एवढे गुडघे काढलेस, आता स्वतःचे जरा वापर."

परवान्याची अट सोपी होती. वर्षभर देशात कुठंही राहा; वर्ष संपायच्या आत मात्र एका गावात कायमचा पत्ता नोंदवा, तरच मुक्काम वाढेल.

ती आधी राजधानीत राहिली. चौथ्या मजल्यावरची खोली, उजेड उत्तम, प्रकाशकाचं ऑफिस चालत वीस मिनिटांवर. पण भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात तशा. पहिल्याच रविवारी दुपारी तिनं घरी फोन लावला आणि सवयीनं बोलली.

"अण्णा, जेवलात का?"

"काय?"

"जेवलात का, म्हणते!"

पाच मिनिटांत दारावर टकटक. शेजारच्या म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "तुम्हाला कोणी मारतंय का? पोलिसांना बोलावू?" धाकटीनं त्यांना आत बोलावून रिकामी खोली दाखवली, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारनंतर मात्र इमारतीच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आली, सभ्य आणि थंडगार.

मग ती हळू बोलू लागली. तिकडे अण्णा दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करत आणि फोन वहिनीकडे देत, "लाईन गेली वाटतं." वहिनी बिचारी मध्ये उभी राहून निरोप पोचवी. "अण्णा विचारतात, थंडी आहे का." "सांग, आहे." अर्धं बोलणं तिथंच आटायचं. वहिनीमार्फत हवामान सांगता येतं. सकाळी उठल्यावर आपण कुठं आहोत हे क्षणभर कळतच नाही, हे कसं सांगणार?

चौथ्या महिन्यात ती समुद्रकाठच्या एका गावी गेली. तिच्यासारखी सुटं काम करणारी माणसं तिथं ढिगानं. एका मोठ्या हॉलमध्ये सगळे आपापले लॅपटॉप घेऊन बसत, फोनसाठी काचेची कपाटं होती. कपाटात उभं राहून ती ओरडली तर आवाज बाहेर जात नसे, पण हातवारे सगळ्यांना दिसत. समुद्रावर जाऊन फोन केला तर अण्णा म्हणत, "आधी तो पंखा बंद कर." गाव मात्र तिला आवडलं. माणसं हसरी, मनमोकळी. फक्त दर आठवड्याला कोणीतरी निघून जायचं. ज्या मुलीशी तिची गट्टी जमली, तिनं एका सकाळी हसत मिठी मारली आणि बॅग ओढत ती दुसऱ्या देशात गेली. तिथं सगळेच पाहुणे होते. मागं राहून हात हलवणारं कोणी नव्हतं. धाकटीला वाटलं, इथं दहा वर्षं काढली तरी आपण आलो होतो की नाही, हे कुणाला कळणार नाही.

वर्ष संपायला अडीच महिने उरले. जीव टांगणीला लागला. चित्रविभागाच्या बाईंनीच एक जाहिरात धाडली: रेल्वेचे दोन फाटे जिथं मिळतात अशा एका लहानशा गावात, सुताराच्या कारखान्यावरची खोली. कितीतरी दिवस रिकामी पडली होती.

सुतार साठीचा, रुंद, भुवयांत भुसा अडकलेला. जिना चढतानाच त्यानं सांगून टाकलं, "आठ ते चार खाली करवत चालते. आधीचे तिघं पळाले. नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

"आणि मी ओरडले तर चालेल?"

तो थांबला. "कोणावर?"

"वडिलांवर."

तो इतका हसला, की जिन्याचा कठडा थरथरला.

दुसऱ्याच दिवशी, खाली करवत घोंघावत असताना, तिनं फोन लावला आणि दहा महिन्यांत प्रथमच पोटातून आवाज काढला. "अण्णा, नवीन खोली घेतली!"

अण्णा म्हणाले, "मागं मशीन चाललंय का गं?"

"करवत आहे! सुताराची! बंद होणार नाही ती!"

"बंद नको करू. फोन जरा खाली धर."

तिनं फोन फरशीला टेकवला. मिनिटभरानं अण्णांचा आवाज आला, छापखान्यातल्यासारखा करडा. "बेअरिंग जातंय त्याचं. घरघर ऐक. सांग त्याला, आठवडाभरात अडकेल."

चार वाजता तिनं बिचकतच सुताराला सांगितलं. त्यानं एक भुवई वर केली, पण मशीन खोललं. बेअरिंग काढून तळहातावर फिरवलं, तर ते दाण्यांवरून गेल्यासारखं खरखरलं. तो तिच्याकडे पाहत राहिला. "तुमचे वडील किती लांब आहेत म्हणालात?"

तेव्हापासून सुताराची आणि अण्णांची दोस्ती झाली. दुपारच्या सुट्टीत सुतार वर येई, हात पुसून खुर्चीवर बसे आणि अण्णांना प्रश्न विचारी. धाकटी त्याचं बोलणं मराठीत करून ओरडे, अण्णांचं त्याच्या भाषेत करून सांगे. पट्ट्याचा ताण, तेलाची जात, हल्लीच्या यंत्रांचा फुसकेपणा. एकदा दोघं एकाच वेळी हसले, तिनं अजून काही सांगितलेलंच नसताना. ती खिडकीकडे वळून उभी राहिली. अण्णा याच खोलीत बसले असते तर, हा विचार तिनं तोवर कधी पुरा होऊ दिला नव्हता.

त्याच आठवड्यात तिनं विचारलं. "अण्णा, तुम्ही या ना इकडे! तिकीट काढते!"

"मी येऊन काय करू? तिथं माझ्यावर ओरडायला तू एकटी. इथं दादा, वहिनी, पोरं मिळून निदान चौघं आहेत." मग म्हणाले, "नाही गं. आता नाही जमायचं."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. पत्ता नोंदवायच्या अर्जात एक रकाना होता: हेच गाव का निवडलं? तिच्या वहीत शाळा, दवाखाना, रेल्वे, भाडं, सगळं लिहून ठेवलेलं होतं. कचेरीच्या खिडकीतला कारकून वाट बघत होता. तिनं लिहिलं, "इथे मला बोलता येतं." त्यानं ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

मंजुरी आली ती दुपारी सव्वाबारा वाजता. करवत नुकतीच थांबली होती. तिनं फोन लावला.

"अण्णा, परवाना वाढवून मिळाला!"

"मिळाला? बरं झालं. म्हणजे आता घर तिथंच?"

"हो."

"काय?"

तिनं खिडकीचा कठडा धरला. एकदा म्हणायलाच बळ गोळा करावं लागलं होतं. "हो अण्णा! आता घर इथंच!"

शांततेत तिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. सायकलवरच्या एका बाईनं मान वर करून पाहिलं.

अण्णा म्हणाले, "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं मला."

फोन वहिनीनं घेतला. "गॅलरीत जाऊन उभे राहिलेत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी जाते त्यांच्याजवळ. तू जेवून घे."

धाकटी जेवली नाही. टेबलावर एका खांद्याचं चित्र अर्धं झालं होतं. ती त्याच्यासमोर बसली आणि बराच वेळ एकही रेघ ओढली नाही.