बॉयलरवाल्याला दिसलेली घरं

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दिसलो की लोक दोनच गोष्टी बोलतात. पहिली, "अरे, आमचा बॉयलर विचित्र आवाज करतोय, जरा बघशील का?" आणि ते बोलून झालं की दुसरी, "बाकी काय, नवीन किस्सा?"

किस्से माझ्याकडे आपोआप साठतात, मला त्यासाठी काही करावं लागत नाही. पाहुणे येणार म्हटलं की लोक हॉल आवरतात. बॉयलरवाला येणार म्हणून कोणी काही आवरत नाही. उलट हॉल आवरताना जे जे उचलून कोंबलेलं असतं, ते नेमकं बॉयलरच्या कपाटात असतं आणि मी थेट तेच कपाट उघडतो. त्यामुळे लंडनच्या आसपास, बेसिंगस्टोकपासून स्टॅनमोरपर्यंत कोणाच्या घरी काय दडलंय हे मला त्यांच्या सख्ख्या भावांपेक्षा जास्त माहीत आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. डिप्लोमा मेकॅनिकल, साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तिच्यामागे मी आलो. इथे परत परीक्षा दिल्या, गॅसचं काम करायचं लायसन्स काढलं, व्हॅन घेतली. कारखान्यातला बॉयलर तीन मजली होता. इथला घर आणि पाणी तापवणारा बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढा असतो, पण डोकं त्याच्याहून जास्त खातो.

*

पहिला मान माझ्या मित्राचा, अजितचा. सकाळी सकाळी फोन. "अरे, वरच्या मजल्यावरची गरम पाण्याची टाकी फुटली. पांढरं पाणी गळतंय."

पांढरं? मी चक्रावलो. गंजाचं तांबूस पाणी पाहिलंय, काळं पाहिलंय, पांढरं कधीच नाही. काय असेल, काय असेल, असा विचार करत मी गाडी हाणत गेलो. अजितने तोवर नव्या टाकीचे दोन-तीन मॉडेल्स शॉर्टलिस्टसुद्धा करून ठेवले होते. लॅपटॉप उघडाच होता.

मी कपाटाचं दार उघडलं. टाकीवर एक मोठं पातेलं, पातेल्यावर ताटली, आणि ताटली वर उचलून चारी बाजूंनी खाली उतरलेलं इडलीचं पीठ. इंग्लंडात पीठ आंबत नाही म्हणून त्याच्या बायकोने, हर्षदाने, रात्री ते तिथे उबेला ठेवलं होतं आणि नवऱ्याला सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

अजितने लॅपटॉप हळूच मिटला. हर्षदा शांतपणे म्हणाली, "आलाच आहात तर थांबा, पीठ इतकं छान कधी फुगून आलं नव्हतं."

*

बेसिंगस्टोकच्या कुलकर्ण्यांची गोष्ट वेगळी. हा माणूस आयटीत, आणि कोणतीही गोष्ट व्हिडिओ बघून घरच्या घरी करता येते यावर त्याची श्रद्धा आहे.

आता बॉयलरमधला जळका वायू बाहेर सोडायला भिंतीतून एक नळी काढलेली असते, तिला फ्लू म्हणतात. हिवाळ्यात तिच्यातून वाफेचा ढग निघतो. कुलकर्ण्यांचा ढग शेजारच्या बाईंच्या अंगणातल्या पॅटिओवर जायचा. त्या बाई सभ्य. त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त कुलकर्णी दिसले की त्या हवेत हात हलवून खोकायच्या.

कुलकर्ण्याने काय करावं? एक व्हिडिओ बघून जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा होज फ्लूच्या तोंडाला चिकटपट्टीने बांधला आणि दुसरं टोक कुंपणावरून फिरवून स्वतःच्या बागेतल्या शेडमध्ये सोडलं. शेड गरम राहील, सायकली गंजणार नाहीत, शेजारीण खूश. एका दगडात तीन पक्षी. दुसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडला, म्हणून मला बोलावलं.

मी म्हटलं, "कुलकर्णी, हा वायू विषारी असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. बॉयलर शहाणा म्हणून स्वतःहून बंद झाला."

कुलकर्णी होजची चिकटपट्टी सोलायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे व्हिडिओत तो माणूस शेवटी पळत का गेला, ते आत्ता कळलं."

*

त्याच बेसिंगस्टोकात एक काकू आहेत. तुळशीचं त्यांना फार. थंडीत तुळस जगवायची म्हणून सगळ्या घरात फिरून फिरून त्यांनी एक जागा शोधून काढली, मागच्या अंगणात, जिथे ऐन जानेवारीत गरम वारा येतो. फ्लूच्या बरोबर खाली.

तुळस आठवड्यात पिवळी पडली. मी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा काकूंचा चेहरा पडलेला. मी समजावलं, "काकू, त्या वाफेत आम्ल असतं. तुळस थोडी बाजूला घ्या, वाचेल."

"बाजूला नाही घेता येणार. तिथेच पूर्वेचं ऊन येतं."

"मग काय करायचं?"

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. इतका शिकलेला मुलगा आणि एवढंही सुचू नये, असा तो भाव होता. "अरे, फ्लू बाजूला घे ना."

*

जोरात बर्फ पडला की माझा फोन तापतो. कारण एकच असतं. बॉयलरमधून निघणारं पाणी बाहेर नेणारा एक बारीक पांढरा पाइप भिंतीवर असतो, तो गोठतो. पाणी तुंबलं की बॉयलर बंद. उपाय सोपा, पाइपवर कोमट पाणी ओतायचं. त्यासाठी मी यायची गरज नाही, फोनवरच सांगतो.

एकदा आमच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, त्यांनाही मी फोनवर तेच सांगितलं. ते ड्रेसिंग गाऊनमध्ये किटली घेऊन बर्फात उतरले. एक किटली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मला फोन. "अरे, तुझा उपाय फेल आहे. घर अजून थंडगारच."

मी म्हटलं, "फोटो पाठवा." फोटो आला. डॉक्टरांचं घर सेमी-डिटॅच्ड, दोन घरांना एकच भिंत, आणि पाइप शेजारच्यांचा.

मी काही बोलणार इतक्यात त्यांच्या बेलचा आवाज फोनमधून ऐकू आला. शेजारचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा बॉयलर सकाळपासून बंद होता, आणि खिडकीतून त्यांनी पाहिलं होतं की डॉक्टर स्वतःचं घर गारठलेलं असताना आधी त्यांच्या पाइपवर पाणी घालताहेत. ते केक घेऊन आले होते. डॉक्टरांनी तो घेतला आणि मला फोनवर हळूच विचारलं, "आमचा पाइप कुठे आहे?"

*

जुन्या घरांत गॅसची शेकोटी असते, तिचा धूर चिमणीतून वर जायला हवा. तो नीट वर जातो की खोलीत परत येतो, हे बघायला आम्ही धूर सोडणारी एक खास काडी लावतो. मेडनहेडला एका घरी माझ्या काड्या संपल्या. मी तिथल्या आजींना म्हटलं, "एखादी उदबत्ती मिळेल का?"

आजी आत गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या तेव्हा हातात तबक: हळद, कुंकू, फूल, निरांजन, नारळ. मी काही बोलायच्या आत शेकोटीला कुंकू लागलं. सून दारात तोंडावर ओढणी धरून उभी. मी उदबत्तीचा धूर बघितला, सुरेख वर जात होता. मग आजींच्या सांगण्यावरून मागच्या पायरीवर नारळही फोडला. काय करणार, लायसन्समध्ये तशी मनाई केलेली नाही.

निघताना आजी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तूच ये. आधीचा माणूस नुसताच काम करून जायचा."

*

आता नलूमावशींचं. हे मी मंडळात सांगत नाही. इथे स्नेहाला विचारून सांगतोय.

नलूमावशी स्टॅनमोरच्या. तीसेक वर्षं त्याच घरात. स्नेहा त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठी जरा मोडकं, लंडनमध्ये वकील. तिचा नवरा बेन, इंग्लिश, अतिशय गरीब स्वभावाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर मावशींनी लग्नाच्या वेळीच जावयाकडून होकार घेऊन ठेवला होता. सिझेरियन झालं. जिने चढायचे नाहीत म्हणून खालच्या हॉलमध्ये पलंग टाकला, शेजारी पाळणा. बेनही ऑफिसमधून तिथेच यायचा.

मावशींचा फोन आला फेब्रुवारीत. "अरे, गरम पाणी पुरत नाही. बाळाची आंघोळ, बाळंतिणीची आंघोळ, आणि पाणी कसं कढत हवं. येऊन जा."

मी गेलो. दार उघडताच ओव्याशेपांचा वास आणि भट्टीसारखी ऊब. खिडक्यांच्या फटींना तपकिरी टेप. काचांवरून पाण्याचे ओघळ. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे मावशींच्या आईने त्यांना शिकवलेलं, आणि स्टॅनमोरला वारा जरा जास्तच.

"कशी आहेस गं?" मी स्नेहाला विचारलं.

"ओके आहे. फक्त माझा डोकं दुखतो. रोज."

"जागरणं," मावशी म्हणाल्या. "मलासुद्धा मळमळतंय दोन दिवस, पित्त झालंय. आणि बेनचं तर काय, इथे आला की डोकं धरून बसतो. जावयाला सासुरवाडी मानवत नाही म्हणतात, ते इंग्रज जावयालाही लागू दिसतंय."

आम्ही हसलो. मी पाळण्यात डोकावलो. बाळ झोपलेलं होतं.

"इतकं गुणी आहे," मावशी म्हणाल्या. "हॉस्पिटलातून आल्यावर नुसता गोंगाट होता. आता आठवडाभर रडणं माहीत नाही. दूध प्यायलाही उठवावं लागतं."

बॉयलर त्याच खोलीत, जुन्या पद्धतीचा, गॅसच्या शेकोटीच्या मागे बसवलेला. मी गुडघे टेकून वाकलो. ज्योत निळी हवी, ती पिवळी, लवलवती. वरच्या भिंतीवर तपकिरी डाग. तेवढ्यात माझ्या पट्ट्याला अडकवलेलं मीटर केकाटायला लागलं. तो वास नसलेला विषारी वायू असला की ते वाजतं.

"अय्या, आज का वाजलं?" मावशी म्हणाल्या. "आज तर मी धुरी दिलीच नाही."

मला कळेना. "आज म्हणजे?"

"छतावरचे ते दोन डबे. बाळाला धुरी द्यायला घेतली की दोघंही बोंबलतात. बाळ दचकतं. म्हणून काढून गॅरेजमध्ये ठेवलेत."

दोन डबे म्हणजे एक धुराचा अलार्म आणि एक या वायूचा. मी भिंत चाचपायला लागलो. अशा शेकोटीला हवा मिळावी म्हणून भिंतीत खाली एक जाळी असते. ती पाळण्याच्या मागे सापडली. आत जुन्या सुती साडीचा बोळा घट्ट कोंबलेला, वरून टेप.

"तिथून गार झोत थेट बाळाच्या टाळूवर येत होता रे," मावशी म्हणाल्या.

मी गॅस बंद केला, पुढचं-मागचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "सगळे बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"वेड लागलंय का तुला?" मावशी पाळण्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "बर्फासारखा वारा आहे बाहेर. ओली बाळंतीण आहे ती. तान्हं बाळ आहे. तुझं काय ते काम कर, माझ्या लेकीला हलवायचं नाही."

मी मावशींशी वाद घातला नाही. स्नेहाला विचारलं, "बेनचं डोकं ऑफिसातही दुखतं का गं?"

"नाही. तो म्हणतो, ट्रेनमध्ये बसला की दुखणं थांबतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीतल्या त्या साडीकडे पाहिलं. मग त्यांनी बाळ उचललं, आणि माझ्याआधी त्याच बाहेर गेल्या.

मी स्नेहाला आधार देत मागच्या अंगणात आणलं, बाकावर बसवलं, अंगावर रजया टाकल्या. अँब्युलन्सला फोन केला. झोंबणारा वारा होता. मावशी बाळाला छातीशी धरून गवतावर उभ्या होत्या, पायात चप्पल नाही. बाळ हलेना. मी अँब्युलन्सच्या फोनवरच्या बाईला पत्ता परत परत सांगत होतो आणि डोळे त्या दुपट्यावर होते.

बऱ्याच वेळाने दुपट्यातून बारीकसं कुरकुरणं ऐकू आलं. मग एक हात बाहेर आला. मग ते बाळ असं काही किंचाळलं की शेजारच्या घरातली खिडकी उघडली.

स्नेहा रडत होती, कुडकुडत होती. "आई, खूप थंडी आहे. आपण आत जाऊ या?"

मावशींनी बाळाच्या डोक्यावरचं टोपरं मागे सारलं आणि त्याचं तोंड वाऱ्याकडे केलं.

"बस तिथेच," त्या म्हणाल्या. "लागू दे वारा."