कबूलकाका

कॅनडातल्या रिचमंड हिलमधल्या ज्या घराच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं भाड्याने राहिलो, त्या घराचे मालक स्वतःचे दोष ज्या कौतुकाने सांगत, त्या कौतुकाने लोक आपल्या मुलांचे मार्कही सांगत नाहीत. त्यांचं प्रत्येक वाक्य "कबूल आहे मला" असं सुरू व्हायचं. "कबूल आहे मला, मी दुसऱ्याला बोलू देत नाही," असं म्हणून ते पुढची चाळीस मिनिटं कोणालाही बोलू देत नसत. आमच्या भागातली सगळी मराठी मंडळी त्यांना पाठीमागे कबूलकाका म्हणायची. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्यांना ते मनापासून पटलेलंही होतं.

काका पन्नासेक वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून इकडे आले. पूल बांधले, रिटायर झाले आणि मग हाताशी दुसरं काम नसल्यामुळे स्वतःचा अभ्यास करू लागले. माणूस वाईट मुळीच नव्हता. मी पुण्याहून पातळ स्वेटर घालून उतरलो, तेव्हा एअरपोर्टवर स्वतःचं जाड जॅकेट अंगातून काढून मला घालणारे तेच. "कबूल आहे मला, रंग भयंकर आहे," एवढं मात्र त्यांनी तेव्हाही सांगून घेतलं.

त्यांच्याशी भांडता येत नसे. बेसमेंटच्या दारापुढचा बर्फ काढणं हे घरमालकाचं काम. पहिल्याच डिसेंबरात मी तावातावाने वर गेलो, तर मी बूट काढायच्या आत ते म्हणाले, "कबूल आहे मला, शोव्हल करायला मी यायला हवं होतं. मी मुळात आळशी. त्यात दुसऱ्याकडून काम करून घ्यायची खोड. आईने लाडावून ठेवलं रे मला." "नाही हो काका, तसं काही नाही," असं मीच त्यांचं सांत्वन केलं आणि फावडं घेऊन खाली आलो. पुढचे तीन हिवाळे तो बर्फ मीच काढला.

कॅनडा त्यांना फार आवडायचा. इथे शाळेत, सभेत, नाटकाआधीसुद्धा कोणीतरी उठून गंभीरपणे सांगतं, की ही जमीन मुळात इथल्या मूळ रहिवाशांची आहे आणि आम्हाला त्याची जाणीव आहे. मग सगळे खुर्च्यांत नीट बसतात आणि कार्यक्रम सुरू होतो. मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा आता जमीन परत कधी देणार तेही सांगतील म्हणून कान टवकारून बसलो होतो. काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "हा देश अगदी माझ्या स्वभावाचा आहे बघ."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या फॅमिली रूममध्ये 'आपण असे का?' नावाची बैठक भरे. विषय कायम एकच, मराठी माणसाचे दोष. आपण वेळ पाळत नाही, यावरची चर्चा पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. आपल्यात एकी नाही, यावर दोन गट पडले आणि त्यातला एक गट पुढच्या महिन्यापासून शेजारच्या मार्कम गावात वेगळा भरू लागला. काका मात्र खुशीत होते. "बघा, हेच! हेच मी म्हणत होतो!" सगळे आपापल्या दोषांची उजळणी करून बटाटेवडे खाऊन निघून जात, आणि खुर्च्या घडी करून ठेवायला मागे मी आणि काकू उरत असू.

काकूंना स्वतःविषयी बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्यांना वेळच नसायचा. एकदा खुर्च्या उचलता उचलता त्या मला म्हणाल्या, "ह्यांना सगळं कळतं रे. कळून पुढे काय, ते तेवढं कळत नाही."

मी तिथे असतानाच त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, मीनलचं लग्न झालं. रिसेप्शनला काकांनी माइक हातात घेतला. बाप म्हणून आपण कसे कमी पडलो, हे त्यांना सांगायचं होतं, आणि उदाहरणाशिवाय बोलतील ते इंजिनिअर कसले! युनिव्हर्सिटीत मीनल दुसऱ्या वर्षाला नापास झाली होती. कित्येक महिने ती खोलीबाहेर पडत नव्हती, डॉक्टरांकडे न्यावं लागलं होतं आणि अशा वेळी आपण फक्त नातेवाइकांना काय सांगायचं याची काळजी करत बसलो, हे सगळं त्यांनी डोळे पुसत पुसत सांगितलं. नवऱ्या मुलाला हे ठाऊक होतं. त्याच्या मावशा, आत्या आणि ऑफिसातल्या लोकांना नव्हतं, ते आता झालं. काय प्रामाणिक माणूस, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीनल शालू सावरत वॉशरूममध्ये गेली ती केक कापायलाही बाहेर आली नाही.

त्यानंतर तिने माहेरी पाऊल टाकलं नाही. ती नवऱ्याबरोबर राहत होती त्या वॉटर्लू शहरात वर्ष-दीड वर्षाने तिला मुलगा झाला, तेव्हा ती काकूंना म्हणाली, "बाबांना सांग, नुसतं सॉरी म्हणा. वन वर्ड. नो रीझन्स. त्या दिवशी बाळाला घेऊन घरी येते." काकूंनी तिच्या जुन्या खोलीत पाळणा आणून ठेवला आणि त्या वाट पाहू लागल्या. नातू या घरात रांगावा, एवढंच त्यांना हवं होतं. तोवर दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून त्या एकट्या वॉटर्लूला जात.

एक शब्द. हा माणूस ग्रोसरीच्या दुकानात कोणाचा धक्का लागला तरी धक्का मारणाऱ्यालाच सॉरी म्हणायचा. रिकाम्या ट्रॉलीला सॉरी म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलं आहे. मुलीसाठी मात्र त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि टाइप करायला मला दिलं. अकरा पानं झाली.

"काका, यात सॉरी कुठे आहे?"

"नवव्या पानावर. 'सॉरी हा शब्द अपुरा का आहे' त्या भागात."

"तेवढा एक शब्दच पाठवा की."

"कबूल आहे मला, मी पाल्हाळ लावतो," ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर बारावं पान लिहून झालं. पत्राला उत्तर आलं नाही.

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरातले जिने चढवेनात, म्हणून त्यांनी मीनलकडे राहायला जायचं ठरवलं. महिन्याभरासाठी, असं त्या म्हणाल्या होत्या, पण बॅगा चार होत्या. बॅगा गाडीत ठेवायला मी वर आलो होतो. ड्राइव्हवेत गाडी चालूच होती आणि मागच्या सीटवर बाळ झोपलेलं होतं. मीनल दारात आली, पण तिने बूट काढले नाहीत. काकू काठी टेकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ती आलीये. बाळ बाहेर आहे. म्हणा आता."

"मला माहीत आहे मी आत्ता काय म्हणायला हवं," काका म्हणाले.

"देन से इट, बाबा."

काका बोलू लागले. त्यांचे वडील उभ्या जन्मात कोणाची माफी मागायला वाकले नव्हते. तो शब्द घशाशी आला की त्यांना आपण लहान झाल्यासारखं वाटतं. हा अहंकार आहे हे त्यांना कळतं, आणि आपल्याला कळतं याचाही पुन्हा अहंकार वाटतो, हेसुद्धा कळतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीनलने दाराच्या मुठीवर हात ठेवून सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"आर यू डन, बाबा?"

"हो, झालं."

तिने आईचा दंड धरला आणि एकेक पायरी करत तिला खाली नेलं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. गाडी मागे गेली, वळली आणि निघाली.

काका मोज्यांवरच बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण तरीही त्यांनी मला विचारलं, "नीट मांडलं ना रे मी?"

त्यांना त्या क्षणी दरडावणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्यांचा हात धरून मी त्यांना रस्त्यावर पळवायला हवं होतं. गाडी अजून कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपाशी उभी होती, काकांना तिथपर्यंत सहज पोचता आलं असतं.

मी म्हणालो, "फार छान बोललात, काका."