तिचा वास

मंडळी, आज सकाळी देवगडच्या किनाऱ्यावर फिरताना वाळूत एक काळपट समुद्रपक्षी बसलेला दिसला. थकला होता, उडत नव्हता. ओढणीत गुंडाळून जामसंड्याला घरी आणला.

अंगाला मात्र माशाच्या जुन्या तेलासारखा उग्र वास! धुवायला कोमट पाणी आणि साबण काढला. मग आठवलं, माझा जुना विद्यार्थी संजू पक्षी वाचवतो. त्याला फोन लावला.

तो ओरडलाच, "बाई, धुव नकात! त्येचो वास जातलो."

"अरे, पण किती घाण येतोय!"

"तुमका घाण. काही समुद्रपक्ष्यांच्या वासान उवा, गोचिडी लांब रवतत, असा अभ्यासक सांगतत. ह्येचो पण तसोच असतलो."

संजू येईपर्यंत दोन तास मी त्या पाखराशी बोलत बसले. घरात स्वतःचा आवाज ऐकून मलाच नवल वाटलं.

संजू पक्ष्याला घेऊन गेला, वास खोलीत राहिला. खिडकी उघडायला गेले आणि थांबले.

माझी बहीण सुमन जाऊन आठ महिने झाले. आम्ही दोघीच राहायचो. तेरावं झाल्यावर मी तिच्या साड्या, गोधडी, उशीचे अभ्रे, सगळं धुऊन टाकलं. घर स्वच्छ केल्याचं समाधानही वाटलं होतं.

आज तिच्या साडीत तोंड खुपसून पाहिलं. तिचा वास कुठेच नव्हता.

तुमच्याकडे कुणाचं काही न धुतलेलं आहे का? असेल तर राहू द्या.