मशीन तपासायची बशी

"आधी बशी, मग गाडी," असं म्हणून तो रोज सकाळी स्टुलावर केशरी बशी ठेवायचा, तिच्यावर मशीन धरायचा आणि डोकं एका बाजूला कलवून ऐकायचा. मशीन टिकटिकलं की मान हलवायचा. मगच भंगाराची पहिली गाडी फाटकातून आत यायची.

फरीदाबादला भंगार वितळवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी माझी चहाची टपरी आहे. नवरा फौजेत होता. तो गेल्यावर मी गावी परतले नाही, तिथे कोणी वाट बघत नव्हतं. हा बशीवाला माणूस जळगावकडचा, पन्नाशीचा. मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्याकडे बसायचा. चहासाठी नाही. माझा चहा काही खास नसतो.

गाडीभोवती मशीन फिरवायचं, हे त्याचं काम. भंगारात कधी दवाखान्यातल्या जुन्या यंत्राचा किरणं सोडणारा तुकडा येतो. किरणं दिसत नाहीत, वास येत नाही, माणूस मात्र जळतो. मशीनला ती कळतात. पण मशीनच बंद पडलं असेल तर? त्यासाठी बशी. तिच्या झिलईत युरेनियम होतं, जुन्या काळी रंगासाठी घालत असत. त्याला ती भंगारातच सापडली होती. जवळ असली तर काही होत नाही, फक्त तिच्यात खायचं नाही, असं त्यानं मला बजावलं होतं.

मी विसरले आणि एकदा त्याच बशीत त्याला पोहे दिले. त्यानं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, मला मारायचं असेल तर सरळ सांगा." पोहे त्यानं कुत्र्यालाही घालू दिले नाहीत.

गाडीवाले त्याची टर उडवायचे. "पंडितजी, आरती हो गई? अब दर्शन दे दो." तो हसायचा, पण बशीशिवाय गाडी सोडायचा नाही. असा चिवट माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कटकट वाटते त्याची.

कारण त्यानं एकदाच सांगितलं. आधीच्या यार्डात त्याच्या जोडीदारानं एक चकचकीत तुकडा बायकोला दाखवायला खिशात घालून नेला. मांडी सडली, मग माणूस गेला.

"मशीन नव्हतं का?" मी विचारलं.

"होतं ना. बंद होतं, एवढंच कुणाला माहीत नव्हतं."

गेल्या थंडीत एका सकाळी मशीन बशीवर गप्प राहिलं. त्यानं सेल बदलले. तरी गप्प. त्यानं गाड्या थांबवल्या. रांग रस्त्यापर्यंत गेली तसा मॅनेजर आला. मशीनचा दिवा लागत होता, शून्य दिसत होतं. शून्य म्हणजे माल साफ, मग अडवतोस कशाला, असं त्याचं म्हणणं.

"साहब, थाली पर भी ज़ीरो आ रहा है."

मॅनेजरनं बशी उचलून उलटसुलट पाहिली. "तो थाली ख़राब हो गई होगी. पुरानी है."

आणि त्यानं ती ढिगावर फेकून दिली. फुटली. नवीन मशीन मागवतो म्हणाला. ते आलं नाही.

त्यानंतर हा गाडीवर चढू लागला. जड डबे, असल्या तुकड्यांभोवती असतात ती शिशाची वेष्टनं, चकचकीत काही, हातानं उपसून बघायचा. मी म्हटलं, अशानं पहिला तूच मरशील.

"कुणाचा तरी हात आधी लागणारच, मावशी."

एका गाडीला तासभर लागायला लागला. गाडीवाले बोंबलले. मॅनेजरनं त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो एकदा येऊन माझ्या टपरीवर बसला आणि चहाला आलेल्या कटिंगवाल्यांना, म्हणजे गॅसनं भंगार कापणाऱ्या पोरांना, सांगत राहिला, चमकणारं काही घरी नेऊ नका. ते ठीक है, ठीक है म्हणाले आणि क्रिकेटचं बोलायला लागले. चहा अर्धाच ठेवून तो गेला. नंतर त्याचा फोन लागला नाही. भावाकडे गेला म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही.

नवा माणूस खुर्चीवरून उठत नाही. बसल्या जागेवरून तेच जुनं मशीन दाखवतो, शून्य येतं, गाड्या पटापट आत जातात. दुपारी कटिंगवाले ढिगाच्या सावलीला पाठ टेकून रोट्या खातात.