धाकटीचा मोर

सन दोन हजार पंचवीस. मला शहात्तरावं चालू होतं, आणि त्या वर्षी गुडघ्यांनी, शेवंतीवरच्या मावा किडीने आणि मखमलाबाद रस्त्यावरच्या गाड्यांनी मिळून मला जेवढं दमवलं नाही, तेवढं माझ्या एकट्या साडूने दमवलं. दुसऱ्याला दमवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण समोरच्याचा पार पाचोळा करून स्वतः मात्र नुकत्या खुडलेल्या कोथिंबिरीसारखा टवटवीत राहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात हा एकच पाहिला.

साडू म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ओझरला कारखान्यात फिटर होता, आता रिटायर. मी फुलं पिकवणारा माणूस. शाळा मी दुसरीत सोडली. शाळेने मला काढलं असं गावात म्हणतात ते खोटं आहे. आमचं दोघांचं जमण्यासारखं काही नव्हतं, पण साडू काही आपण निवडत नाही, तो बायकोबरोबर आंदणात येतो. या माणसाची खोड एकच, स्थिर वस्तू त्याच्या डोळ्यांना सहन होत नाही. जे हलत नाही ते त्याला बिघडलेलं वाटतं. पहिलं पोर झालं तेव्हा त्याने पाळण्याला मोटर बसवली. पाळणा असा काही सुटला की पोराने प्यालेलं सगळं दूध बाहेर काढलं, आणि धाकटीने ती मोटर उपटून परसातल्या हौदात टाकली. गणपतीत त्याच्या कॉलनीचा हलता देखावा ठरलेला. एका वर्षी हनुमंत द्रोणागिरी उचलतो असा देखावा केला, मोटर कुठल्याशा ट्रकच्या वायपरची. ऐन उद्घाटनाला तिच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या, आणि हनुमंत आकाशातून पर्वत घेऊन आला, तो गुमान खाली ठेवला आणि रिकाम्या हाताने मागे मागे निघून गेला. माणसं हसून लोळली. हा म्हणाला, "हसता काय? औषध काढून घेतल्यावर डोंगर परत नको ठेवायला?" मलासुद्धा तो सोडत नसे. "भाऊ, तुम्ही बसता तेव्हा लय बसता. जरा हलत जा." दिवसभर वाफ्यात वाकून आलेल्या माणसाला हे ऐकायचं.

तर अशा माणसाच्या हातात मोबाइल आला. त्या उन्हाळ्यात एका दुपारी तो आमच्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, हे बघा, फोटो हलतो." बघतो तर कुणाच्या तरी दंडावर गोंदलेला वाघ. आधी गप्प होता. मग त्याने जांभई दिली, दंडावरच कूस बदलली आणि झोपला.

"हे कोण करतं?" मी विचारलं.

"एआय करतं."

"कुणाची आय?"

"कुणाची नाय हो! एआय. नुसती एआय."

"अहो, पण आय म्हटली की ती कुणाची तरी असणारच ना."

यावर आमची अर्धी दुपार गेली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "यंत्र आहे भाऊ. दिसत नाय, पण आहे. फोटो द्यायचा, याला चालव म्हणून मराठीत सांगायचं, की ते चालवतं." मला काही पटलं नाही. डोळ्यांना दिसत नाही, पैसा मागत नाही आणि सांगितलं की कामाला लागते, म्हणजे ती आयच झाली. मी अजूनही तिला साडूची आयच म्हणतो.

त्यानंतर त्याने नाशिक जिल्ह्यात कुणाचा हात सोडला नाही. तरण्या पोरांच्या दंडावरचे टॅटू आणि म्हाताऱ्यांच्या मनगटावरची गोंदणं, त्याला सगळं सारखंच. पंचवटीच्या बाजारात भाजीवालीला, लग्नात वरमाईला, बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईला, "मावशी, हात दाखवा." बायांना वाटे हा जोतिषी. त्या तळहात पसरत. "पालथा, मावशी, पालथा!" पण बाईने एकदा तळहात पसरला की पोराच्या लग्नाचं ऐकल्याशिवाय ती तो पालथा करत नाही. शेवटी हाही कंटाळून सांगू लागला, "महिन्याभरात जमतंय. आता पालथा करा." दिंडोरी रोडच्या एका बाईच्या पोराचं खरंच जमलं, तर ती पेढे घेऊन याचं घर हुडकत ओझरला गेली, आणि बरोबर सगळ्या शेजारणी नेल्या, तळहात पसरून. त्याच्या आयचे पराक्रम तर विचारू नका. एका आजीच्या हातावरची तुळस वाऱ्यावर डुलायला लागली, तेव्हा आजीने मोबाइलला पदर लावून नमस्कार केला. दुसरीचा विंचू अंगठ्याकडे चालत निघाला, तिने किंचाळून मोबाइल झटकला तो मेथीवर मारायच्या पाण्याच्या बादलीत. एका कंडक्टरच्या हातावर 'आई' असं लिहिलेलं होतं, तर या आयला ती अक्षरं पाखरांसारखी वाटली आणि तिने दोन्ही भुर्रकन उडवून दिली. कंडक्टर बिचारा रडकुंडीला आला. "काका, माझी आई खाली आणा!" हे सगळं तो मला येऊन दाखवायचा, आणि मी पाय पोटाशी घेऊन बघायचो. दुसरं करतो काय?

एकदा मात्र मी विचारलंच, "साडू, तुम्हाला यात मिळतं काय?"

"हात बसवतोय, भाऊ."

"कशासाठी?"

तेव्हा त्याने मोबाइल खिशात घातला, आणि सांगितलं.

धाकटी आदल्या वर्षी गेली होती. या दोघी बहिणींचं माहेर कळवणकडचं. लहान असताना गावात गोंदणारी बाई आली आणि एकाच बैठकीला तिने दोघींच्या डाव्या हातावर मोर काढले. हिचा नीट आला, कारण ही मुळात सोशीक. धाकटी रडली, तिने हात ओढला, आणि तिच्या मोराची मान आखूड झाली, पिसाऱ्याच्या जागी नुसता गेंद आला. पायाखाली तीन ठिपके. लग्नानंतर पहिल्याच दिवशी साडूने तो हात बघितला आणि म्हणाला, "ही तर कोंबडी!" मग तो जन्मभर चिडवत राहिला. चारचौघांत सांगायचा, "आमच्याकडं कोंबडी पाळलीय. दाणे बरोबर घेऊनच आली." ती म्हणायची, "मोर आहे." हसायची पण. पण हसता हसता पदर हातावर ओढून घ्यायची, आणि ओढता ओढता तिला त्याची सवय लागली. ती गेल्यावर साडूने घरातले सगळे फोटो खाली काढले. लग्नाचे, बारशाचे, गणपतीतले. प्रत्येक फोटोत डावा हात पदराखाली.

"भाऊ, अंगावरचं सोनं आपण काढून घेतो, गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं म्हणतात ना," तो म्हणाला. "पाटल्या आहेत, मणी आहेत, सगळं कपाटात हाय. ते तेवढं घेऊन गेली. मला ते एकदा चालताना बघायचंय." आणि मग, जमिनीकडे बघत, "अक्काच्या हाताचा फोटो मिळाला तर... बाई तीच होती, दिवस तोच."

मी नाही म्हटलं. अक्का म्हणजे आमची ही. बाईमाणसाच्या उघड्या हाताचा फोटो काढायचा, तो कुठल्या तरी न दिसणाऱ्या यंत्राला द्यायचा, आणि ते त्याला नाचवणार! "आमच्या घरातल्या बाईचा हात कुणाच्या आयच्या पोटात जायचा नाही," मी म्हणालो. शब्द एकदा तोंडातून गेला की मी तो परत आणायला जात नाही. माझा बापही जात नसे. साडूने चहा अर्धाच ठेवला आणि उठला.

मग तो यायचा बंद झाला. पोळा गेला, गणपती गेले. मी म्हटलं, बरं झालं, शांतता मिळाली. पण ती शांतता लाइट गेल्यावर विहिरीवरची मोटर बंद पडते तशी होती, कानाला बरी आणि पिकाला वाईट. ही भांडली नाही. ही कधी भांडत नाही, फक्त वाढताना "अजून घ्या" म्हणायचं सोडते. महिनाभर मी अर्धपोटी उठलो, पण मागितलं नाही.

दसऱ्याच्या आधी पडवीत झेंडूचा ढीग पडला होता आणि आम्ही दोघं निवडत बसलो होतो, तर दारात साडू उभा. मी काही म्हणायच्या आत ही म्हणाली, "मी बोलावलंय."

"मी नाही म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणाला होता. मी कुठं म्हणाले? हात माझा, बहीण माझी. तुमचं यात काय हाय?" आणि साडूला म्हणाली, "या पाहुणे, बसा. काढा फोटो."

तिने बाही सारली आणि हात पालथा करून गुडघ्यावर ठेवला. सगळ्या जिल्ह्याचे हात धरून झाले होते, पण इथे साडूने मोबाइलची काच दोनदा सदऱ्याला पुसली. आणि काय सांगू, मोर असा निघाला! हिच्या सुरकुत्यांमधून एकेक पाय उचलत आला, अंग निळंहिरवं झालं, पिसारा मनगटापासून कोपरापर्यंत उघडला, आणि नाचला. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं, मला दाबता आलं नाही. साडू मात्र मोबाइलवर वाकलेलाच. त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसाच. मग तो मोबाइलला समजावू लागला, "अगं, मान आखूड कर. शेपूट एवढीशी. नाचायचं नाय, नुसतं चालायचं." आयने ऐकून घेतलं आणि पहिल्यापेक्षा देखणा मोर दिला. तेव्हा त्याने मोबाइल झेंडूवर ठेवून दिला.

"मोरच करतंय हो, अक्का," तो म्हणाला. "तिची कोंबडी होती."

ही उठली. चष्मा लावला, फुलांच्या पाट्यांवर नाव टाकायचा निळा पेन आणला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "बाही वर करा."

"माझी?"

"पाहुण्यांना फोटो काढायचाय, माझ्या हातावर आधीच मोर आहे. राहिलं कोण?"

पंचाहत्तर वर्षं मी अंगावर एक रेघ चढू दिली नव्हती. जत्रेत बाप म्हणाला होता नाव गोंदून घे, हरवलास तर सापडशील. मी म्हणालो होतो, मी हरवणार नाही. मी इकडेतिकडे बघितलं. साडू माझ्याकडे बघत नव्हता, झेंडूकडे बघत होता, पाकळी पाकळी तोडत. मी डावी बाही वर केली.

"तिचा हात मीच धरला होता," ही पेन टेकवत म्हणाली. "इथं ती रडायला लागली." मान आखूड झाली. "इथं तिनं हात ओढला." शेपटाचा गेंद झाला. "इथं त्या बाईनं एक लगावली, मग गप बसली." तीन ठिपके पडले. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही. लय बसतो ना मी, तसाच बसलो.

साडूने फोटो काढला. उन्हाने रापलेला म्हातारा हात, त्यावर निळं वाकडं पाखरू. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. आधी काहीच झालं नाही. मग त्याने आखूड मान झटकली. पिसारा नाही, रंग नाही, नाच नाही. माझ्या हातावरच्या पांढऱ्या केसांतून, जसं वाळल्या गवतातून चालावं, तसं ते डुलत डुलत चाललं, थांबलं, वाकलं, आणि ते तिन्ही ठिपके दाणे समजून टिपून खाल्ले. मग मान वर करून सरळ आमच्याकडे बघितलं.

साडू खो खो हसला. "बघा अक्का, खाल्ले! दाणे खाल्ले! म्हणत नव्हतो मी?" मग त्याने मोबाइल दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ नेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरं बाई. मोर आहे. मोरच आहे."

मग तो बसून राहिला. ना पाय हलला, ना बोट. हिने चहा आणला, तो त्याने पूर्ण प्याला. शेवटची उन्हं झेंडूवरून गेली तेव्हा उठला, मला म्हणाला, "येतो भाऊ," आणि ओझरची बस धरायला निघाला. फाटकापर्यंत मी गेलो. गुडघे दुखत होते, तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला बसलो तो डावा हात बादलीपासून लांब धरून. एका हाताने जमेल तेवढं अंग भिजवलं. मोरीच्या दाराशी येऊन ही म्हणाली, "तो हात का कोरडा?"

"पाणी गार आहे," मी म्हणालो.

पाणी तिनेच तापवून दिलं होतं. ती पंचा माझ्या उजव्या खांद्यावर टाकून गेली.